चिठ्ठीचे मोल

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे १९५८ साली मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात वाळविलेल्या वनस्पतींचा एक संग्रह आहे. तेथे ना हिरवी पालवी, ना टवटवीत फुले. जाड कागदांवर पक्क्या बसविलेल्या शुष्क वनस्पतीच तेवढ्या तेथे दिसतात. परंतु या निर्जीव भासणाऱ्या कागदांत मराठवाड्याच्या माळरानांची व डोंगरदऱ्यांची ओळख साठविलेली आहे.

संग्राहक रानात जातो, तेव्हा शक्यतो पान, फूल व फळ ही सारी अंगे असलेला नमुना निवडतो. तो कागदांच्या घड्यांत पसरून दाबाखाली वाळवितात. ओलसर झालेले कागद वेळोवेळी बदलावे लागतात. हयगय झाली तर बुरशी धरते. वाळलेला नमुना जाड कागदावर बसवून कोपऱ्यात एक चिठ्ठी लावतात. तीत वनस्पतीचे नाव, स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव असते. फुलाचा रंगही लिहितात. कारण वाळल्यावर तो उडून जातो. ही चिठ्ठी हरवली, तर नमुन्याचे बहुतेक मोल नाहीसे होते. अशाच नमुन्यांच्या अभ्यासातून प्राध्यापक व्ही. एन. नाईक व त्यांच्या सहकाऱ्यांचा मराठवाड्यातील वनस्पतींवरील द्विखंडात्मक ग्रंथ १९९८ साली सिद्ध झाला.

प्राण्यांच्या संग्रहासही हाच नियम लागू आहे. पक्ष्याच्या कातडीत कापूस भरून ती जतन करतात आणि चिठ्ठी पायास बांधतात. ती चिठ्ठीच खोटी असेल तर?

रानपिंगळा हा मध्य भारतातील एक लहानसा घुबडवर्गीय पक्षी. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १८७३ साली प्रसिद्ध झाले. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू अदृश्य झाला. केवळ एका नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ हे साल व गुजरातेतील तापीकाठचे स्थळ लिहिलेले होते. तो कर्नल रिचर्ड माइनरट्झहागेन यांच्या संग्रहातील होता.

पामेला रासमुसेन या विदुषीने तो नमुना बारकाईने तपासला. कातडी भरण्याच्या मूळ पद्धतीवरून तो डेव्हिडसन यांचाच असल्याचे उघड झाले. तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्यास खोटी चिठ्ठी बांधण्यात आली होती. तेव्हा ते स्थळ बाजूस सारून खऱ्या चिठ्ठ्यांवरील स्थळांचा मागोवा घेण्यात आला. अखेर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी खानदेशातील शहाद्याजवळच्या जंगलात, ११३ वर्षांनंतर, रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना जिवंत रानपिंगळा दिसला!

एका खोट्या चिठ्ठीने अभ्यासकांची अनेक वर्षे दिशाभूल केली. खऱ्या चिठ्ठ्यांनी, त्या लिहिणारे हात कधीच विसावले असता, योग्य वाट दाखविली. संग्रहाची खरी श्रीमंती नमुन्यांच्या संख्येत नसून, त्यांवरील चार ओळींच्या सत्यतेत असते.