हाडात रुजणारा दात

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने दातांवर काय बोलावे, असे श्रोत्यांपैकी काहींना वाटले असेल. आम्ही दंतवैद्य नव्हे. आमची शाळा अर्ध्यावर सुटली आणि पुढचे जे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके चाळताना झाले. पण दात गेलेली माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. त्यांपैकी एकामुळेच या विषयाकडे वळलो.

अकोल्याकडील एका जिनिंगमध्ये आमचा हा सहकारी काम करतो. वय चाळिशीच्या आतले. रुईची गाठ हलवताना लोखंडी दांडा तोंडावर बसला आणि वरचे पटाशीचे दोन दात गेले. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा खर्ऱ्याने आधीच नेल्या होत्या. 'भाऊ, भाकर दुधात कुस्करून खा लागते,' असे तो हसत सांगे; पण हसताना तोंडावर हात धरी.

आम्ही सवयीप्रमाणे आधी कायदा उघडला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची शक्ती किती टक्के घटली असे धरावे, याची यादी होती. अंगठा गेला तर ३०, तर्जनी १४, करंगळी ७. दाताचे नाव त्या यादीत नव्हते. यादीबाहेरच्या इजेचे टक्के डॉक्टरने ठरवायचे. आणि दोन दात नसल्याने गाठ ढकलायला काय अडते, असे मालकाचा वकील विचारणारच. उलट १८६० च्या दंडसंहितेत दात मोडणे ही 'जबर दुखापत' होती, आणि २०२३ च्या न्याय संहितेतही ती तशीच गणली आहे. ठोसा मारून पाडलेला दात सरकारदरबारी मोजला जातो, कामावर पडलेल्या दाताची यादीत नोंदही नाही! तरीही आम्ही अर्ज केला, आणि निकाल लागेपर्यंत दातांवर पैसा घालू नकोस, असे त्याला सांगितले. त्यात दोन वर्षे गेली. हा सल्ला चुकीचा होता हे आम्हाला पुढे कळले, आणि का चुकीचा होता हेच आज सांगायचे आहे.

दाताचे मूळ जबड्याच्या हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची गादी असते, आणि चावण्याचा दाब तिच्यावाटे हाडाला पोचतो. दात गेला की त्या जागेच्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजू लागते. सर्वांत जास्त झीज पहिल्या वर्षातच होते. म्हाताऱ्या माणसांची गालफडे बसतात त्यामागे ही झीज असते. कवळी हिरडीवर टेकते. ती झीज थांबवू शकत नाही, म्हणून आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होते. ब्रिज बसवायचा तर शेजारचे दोन धडधाकट दात घासून त्यांच्यावर पूल बांधावा लागतो. आपल्या घरासाठी शेजाऱ्याची भिंत तासावी तसे हे आहे.

तिसरा उपाय योगायोगाने सापडला. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे हाड कसे भरून येते याचा अभ्यास करीत होते. सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमची एक लहानशी डबी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढू गेले, तर निघेना. हाड धातूला चिकटून एकजीव झाले होते. १९६५ मध्ये गोटेनबर्ग येथे लार्सन नावाच्या गृहस्थाच्या दंतहीन खालच्या जबड्यात त्यांनी अशी मुळे बसवली. २००६ साली लार्सन वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षे, ती टिकली. तरीही दंतवैद्यांच्या जगाने ही गोष्ट मनापासून मान्य केली ती १९८२ च्या टोरांटो येथील परिषदेनंतर. (टायटॅनियम ज्या इल्मेनाइटपासून काढतात, ती काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे.)

इम्प्लांट म्हणजे पूर्ण दात नव्हे, दाताचे मूळ. साधारण एक सेंटिमीटर लांबीचा, चार मिलिमीटर जाडीचा स्क्रू जागा बधिर करून हाडात बसवतात. मग थांबायचे, खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने, वरचे हाड भुसभुशीत असल्याने तेथे बहुधा अधिक. या काळात हाड धातूला धरते. त्यानंतर वर जोड बसवून टोपी चढवतात. काही ठिकाणी लगेच दात लावूनही देतात. पण ते प्रत्येकाच्या हाडाला मानवत नाही.

स्क्रूला कीड लागत नाही, म्हणून तो निर्धास्त समजू नये. भोवतालची हिरडी सडली तर हाड सुटते आणि उत्तम बसलेला स्क्रूही हलू लागतो. मधुमेह आटोक्यात नसेल, बिडी-सिगारेट चालू असेल, तर धोका वाढतो. आणि आपल्या वऱ्हाडात खर्रा! २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली, पण पन्नीत घोटलेला खर्रा चौकातून हलला नाही. तंबाखू हिरड्या खाते, सुपारीने तोंड उघडेनासे होते. ज्याच्या तोंडात दोन बोटे जात नाहीत, त्याच्या दाढेपर्यंत डॉक्टरची अवजारे कशी पोचणार?

खर्च मोठा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण अमरावतीला आणि अकोल्याजवळ कान्हेरी सरप येथे दंत महाविद्यालये आहेत, नागपूरला शासकीय महाविद्यालय आहे; अशा ठिकाणी खाजगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी लागते. फेऱ्या मात्र अधिक, आणि प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो, हाही खर्चच.

आमच्या सहकाऱ्याला अखेर आम्ही अशाच एका रुग्णालयात नेले. तपासणीत वरच्या एका जागी हाड फार पातळ झालेले निघाले. तेथे आधी हाडाची भर घालावी लागली आणि खर्च वाढला. 'दात गेले तेव्हाच यायचे होते,' असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो काही बोलला नाही. आमच्याकडे पाहिलेही नाही. खालच्या दाढांसाठी त्यांनी काढता-घालता येणारी कवळीच सुचवली, आणि आम्हाला ते पटले. सगळीकडे स्क्रू बसवायचे तर घर गहाण पडले असते. वरची दोन मुळे बसून आता तीन महिने झाले, टोप्या चढायच्या आहेत. सोसायटीच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत. खर्रा सुटला आहे, निदान आमच्यासमोर तरी.