उन्हाळ्यांत विवाहाचा केक कसा न्यावा

ख्रिस्ती कुटुंबांत लेंतांत लग्न लावण्याचा प्रघात नाहीं. ईस्टर २२ मार्च व २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हां तरी येतो. त्यानंतर शाळांना सुट्टी लागते, परगांवचे आप्त मोकळे होतात, आणि आमच्या इकडील पुष्कळ लग्नें नेमकीं मराठवाड्याच्या कडक उन्हांत येऊन पडतात. पूर्वीं केकला याची चिंता नसे. मनुका-बेदाण्यांचा घट्ट केक व त्यावर साखर आणि अंड्यांतील पांढरा बलक यांचा वाळून कठीण झालेला लेप, इतकाच त्याचा थाट. ऊन त्याचें फारसें कांहीं बिघडवीत नसे. सांप्रत मुलामुलींस चॉकलेटचा केक हवा, व त्यावर लोण्याच्या क्रीमचीं फुलें हवींत. हौसेला आमची हरकत नाहीं. मात्र हौसेबरोबर थोडें पदार्थविज्ञानही शिकावें लागतें.

गेल्या वर्षीं मे महिन्यांत आमच्या एका माजी विद्यार्थिनीचें लग्न शेंद्र्यास झालें. तीन मजल्यांचा केक शहरांत तयार झाला. मुलीच्या आईनें शिवणकामांतून वर्षभर शिल्लक टाकून तो करविला होता. दुपारीं दोन वाजतां मुलीचा धाकटा भाऊ, आमचाच विद्यार्थी, केक मांडीवर घेऊन मोटारींत बसला. जालना रस्त्यावर हार घेण्यासाठीं गाडी थांबली. सर्व मंडळी उतरली, आणि केक बंद गाडींत वीस-पंचवीस मिनिटें उन्हांत राहिला. शेंद्र्यास पेटी उघडून पाहतात तों वरचा मजला एका बाजूस घसरलेला व फुलें ओघळून गेलेलीं! आई एक शब्दही न बोलतां आंत निघून गेली. केक चमच्यांनीं वाढला. चव उत्तम आहे, असें पाहुणे म्हणाले. जून महिन्यांत शाळा सुरू होतांच तो मुलगा आम्हांस विचारूं लागला, "सर, गाडींत एसी होता, मग माझें काय चुकलें?" त्याला वर्गांत दिलेलें उत्तर येथें लिहीत आहों.

चॉकलेटला घट्टपणा येतो तो कोकोच्या बियांतील स्निग्धांशामुळें. हा स्निग्धांश सुमारें ३४ अंश सेल्सिअसला वितळतो. आपल्या तोंडांतील उष्णता ३७ अंशांच्या जवळ. म्हणूनच चॉकलेट जिभेवर विरघळतें. जो गुण जिभेला सुख देतो तोच मे महिन्यांत घात करतो, कारण आमच्याकडे तेव्हां दुपारचा पारा ४० अंशांच्या आसपास असतो. फुलांचें क्रीम तर त्याहूनही नाजूक. लोणी पूर्ण वितळण्यास ३२ ते ३५ अंश लागत असले, तरी २५ अंशांच्या पुढेंच तें ढिलें पडूं लागतें. शिवाय एकदां वितळलेलें चॉकलेट पुन्हां थंड केल्यानें पूर्ववत् होत नाहीं. त्यांतील स्निग्धांशाचे स्फटिक सहा प्रकारांनीं बनूं शकतात. चकाकी आणि खुसखुशीत मोड देणारा प्रकार त्यांतला एकच. आपोआप गोठलेल्या चॉकलेटवर पांढुरके डाग उमटतात. त्यांनीं अपाय होत नाहीं, पण लग्नाच्या मेजावर ते कोणास आवडतील?

आतां गाडीविषयीं. कांचेंतून ऊन आंत येतें, आणि तापलेली हवा बाहेर जाऊं शकत नाहीं. त्यामुळें उन्हांत उभी असलेली बंद मोटार अर्ध्या तासांत बाहेरच्या हवेपेक्षां १५ ते २० अंशांनीं अधिक तापते. पुढें एसी चालू केला तरी प्रथम हवा थंड होते. बैठकी व पत्रा मागाहून. मांडी ही तर केकला सर्वांत वाईट जागा. ती स्वतःच ऊबदार असते, सपाट नसते, आणि प्रत्येक खड्ड्यागणिक हलते.

१९३७ सालीं अमेरिकेच्या सैन्यानें हर्शी कंपनीकडून उष्णतेंत टिकणारें चॉकलेट करविलें होतें. त्यांत ओटाचें पीठ घातलेलें असे, आणि चव उकडलेल्या बटाट्याहून थोडीशीच बरी असावी, अशी सैन्याची अट होती! आज बाजारांत 'कंपाउंड' म्हणून जें मिळतें त्यांत कोकोच्या स्निग्धांशाऐवजीं दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, आणि तें हाताळण्यास सोपें जातें. बाहेरच्या सजावटीस तें चालेल. आंत मात्र खरें चॉकलेट असावें, असें आमचें मत आहे.

खरा उपाय थंडीचा सांठा बरोबर नेण्याचा. केक सच्छिद्र असल्यामुळें उष्णता त्यांतून सावकाश शिरते. तो रात्रभर फ्रीजमध्यें ठेवून जाड खोक्यांत बंद केला, तर तासाभराचा प्रवास सहज सोसतो. मजले निरनिराळ्या खोक्यांत न्यावे व मंडपांतच एकावर एक रचावे. वरच्याचा भार खालच्यांत रोवलेल्या लांकडी काड्यांवर पडला पाहिजे. सावलींत गाडी उभी करून एसी अगोदर पंधरा मिनिटें चालवावा. खोकें मागील सपाट तळावर रबरी चटईवर ठेवावें, म्हणजे सरकत नाहीं. आणि पोहोंचल्यावर तें लगेच उघडूं नये. थंड पाण्याच्या तांब्यास बाहेरून जसे थेंब सुटतात तसे ते थंड केकवरही सुटतात. मे महिन्यांतील कोरड्या हवेंत हा उपद्रव कमी, पावसाळ्यांत फार. मंडपांत कूलर असेल तर केक त्याच्या समोर मांडूं नये. कूलरची हवा गार खरी, पण ओलसर. साखरेचा लेप तिनें चिकट होतो.

यंदा त्याच घरीं चुलत बहिणीचें लग्न झालें. केक नेण्याचें काम त्या मुलानें मागून घेतलें. सकाळीं साडेसहाला निघून तो आठच्या आंत शेंद्र्यास पोहोंचला, आणि खोलींत कडी लावून खोक्यांजवळ बसून राहिला. वाटेंत एक शेळी आडवी आल्यानें ब्रेक जोरानें लागला, त्यांत क्रीमचें एक फूल मोडलें. तेवढी बाजू काकूंनीं भिंतीकडे केली.