८५०, पण एकवीस अंशांवर

ऑक्टोबरात न्यू हॅम्पशायरमध्ये एकाच दिवसात दोन ऋतू उरकतात. सकाळी गवतावर दव गोठलेलं असतं, दुपारी मुलं जॅकेटं कमरेला बांधून फिरतात. पेंटबॉलच्या मैदानावर हा फरक टिपतो तो क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र. एका मुलाच्या मार्करमधून, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीतून, सकाळी गोळी सेकंदाला २७० फुटांनी सुटत होती. मधल्या वेळात त्यानं एकाही स्क्रूला हात लावला नाही, तरी उन्हात ठेवलेल्या त्याच मार्करनं दुपारी ३०५ दाखवले. मर्यादा ३०० ची. मुलाला मैदानाबाहेर थांबवलं गेलं आणि तो गोंधळून बाटल्या भरण्याच्या शेडकडे आला.

शेडमधल्या बाईंनी मार्करकडे पाहिलंसुद्धा नाही. खालची बाटली तेवढी पाहिली. कार्बन डायऑक्साइड.

‘‘याचा दाब ८५० असतो ना?’’ मुलानं विचारलं.

‘‘एकवीस अंशांवर,’’ बाई म्हणाल्या.

दिवसभरात हे उत्तर त्यांनी अनेकांना दिलं, आणि सगळी गोम त्यातच आहे. बाटलीत हा वायू द्रवरूपात असतो. वर साचलेली वाफ गोळीला ढकलते. वाफेचा दाब ठरतो तापमानावर. दहा अंशांना तो चौरस इंचाला साधारण ६५० पौंड असतो, एकवीसला ८५० आणि तिशीला हजाराच्याही वर. भराभर गोळ्या झाडल्या की द्रव उकळताना बाटलीतलीच उष्णता ओढून घेतो, बाटलीवर हिम धरतं आणि वेग घसरतो. मार्कर तिरपा झाला तर द्रवच आत शिरतो. नळीतून पांढरा ढग निघतो, रबरी सील आखडतात, आणि इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हच्या मार्करला तर हे मुळीच सोसत नाही.

तरी या वायूबद्दल कृतज्ञता वाटावी असा इतिहास आहे. याच राज्यातल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात २७ जून १९८१ रोजी बारा जणांनी पेंटबॉलचा पहिला खेळ खेळला. त्यांच्या हातात होती झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायची ‘नेलस्पॉट ००७’ पिस्तुलं, आणि प्रत्येकात कार्बन डायऑक्साइडची १२ ग्रॅमची छोटी नळकांडी. जिंकले जंगलातल्या कामात मुरलेले रिची व्हाइट, तेही एकदासुद्धा चाप न ओढता! अशा सावध, सावकाश खेळाला तो वायू पुरेसा होता. आज मुलं सेकंदाला कितीतरी गोळ्या सोडतात.

बाईंचे हात बघत राहावेत असे आहेत. कार्बन डायऑक्साइडची बाटली त्या आधी थोडी भरतात, तो वायू सोडून देतात, आणि धातू गार झाल्यावरच पुरती भरतात. घरच्या गॅस सिलिंडरसारखाच हिचाही हिशेब काट्यावर, वजनानं. बाटलीत जितकं पाणी मावेल त्याच्या वजनाच्या ६८ टक्क्यांपर्यंतच वायू. जास्त भरला आणि ऊन लागलं, की फुगणाऱ्या द्रवाला जागा उरत नाही. मग सुरक्षा चकती फाटते आणि सगळा वायू फुत्कारत बाहेर येतो. नाकात सोड्यासारखी आंबट झिणझिणी जाते.

दुसरा पर्याय दाबलेल्या हवेचा. तिची बाटली याच्या अगदी उलट. ती भरताना तापते, म्हणून सावकाश भरायची. तोटीला तेलाचा थेंबही चालत नाही. दाबानं तापलेल्या हवेत तो पेटू शकतो. कार्बन फायबरच्या बाटलीत ४५०० पौंडांपर्यंत दाब मावतो, पण गळ्याशी बसवलेला रेग्युलेटर मार्करला ठरलेला, साधारण ८०० चाच दाब देत राहतो. सकाळ असो वा दुपार, वेगात फारसा फरक पडत नाही.

हवा महाग पडते, हे खरं. इतक्या दाबाचा कॉम्प्रेसर गावोगाव मिळत नाही, बाटलीची किंमतही जास्त, आणि कार्बन डायऑक्साइडची छोटी बाटली पुष्कळ पुरते. परसातल्या खेळाला, जुन्या साध्या मार्करला तो चालेल. पण जिथे भाड्यानं मार्कर घेऊन नवखी मुलं एकमेकांसमोर उभी राहतात, तिथे हवाच हवी. तीन ग्रॅमची गोळी कुणाच्या तरी अंगावर जाणार असते. ती किती वेगानं लागेल हे उन्हानं ठरवू नये.

मुलाला हवेची बाटली भाड्यानं मिळाली. नव्या बाटलीवर वेग पुन्हा मोजून, स्क्रू फिरवून २८० वर आणला, आणि तो आत गेला. त्याच्यामागे उभ्या असलेल्या गृहस्थांकडे स्वतःची कार्बन फायबरची बाटली होती, चांगली जपलेली. बाईंनी ती फिरवून तारीख वाचली. पाण्याच्या दाबाखाली तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. हिची मुदत उन्हाळ्यातच संपली होती. गृहस्थांनी बरीच मनधरणी केली. बाईंनी बाटली न भरता परत दिली आणि पुढची मागितली.