इंजिन बदललं, गाडी चालू झाली. मग नॉक सेन्सर लागतो का?

ज्वलनावर पीएचडी करतोय म्हटलं की गावाकडून दोनच प्रकारचे प्रश्न येतात. एक, "नोकरी कधी लागते?" आणि दुसरा, गाडीचा. या वेळचा प्रश्न दर्यापूरच्या एका गॅरेजमधून आलाय. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीत अपघातात गेलेल्या स्विफ्टचं पेट्रोल इंजिन बसवलंय, सोबत तिचाच इसीयू आणि वायरिंग. उतरवताना नॉक सेन्सरचा कनेक्टर तुटला. मिस्त्रींचं म्हणणं असं: "गाडी तं मस्त चालून राह्यली, मंग त्या सेन्सरचं काय काम हाय? लाइट तेवढा बंद करून देतो."

लाइट बंद करण्याची युक्ती कोणती, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मात्र हा लेख लिहायचं ठरवलं.

आधी नॉकिंग म्हणजे नेमकं काय ते बघू. पिस्टन वर पोचायच्या थोडं आधीच स्पार्क पडतो. तिथून आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. ही आग म्हणजे स्फोट नव्हे, कडबा एका बाजूनं पेटत जातो तशी ती सरकत जाते. सरकताना ती पुढच्या न जळलेल्या वायूला कोपऱ्यात दाबते, तापवते. ज्वाला तिथं पोचेपर्यंत तो वायू टिकला तर सगळं ठीक. तापमान आणि दाब सहन न होऊन तो आपोआप, एकदम पेटला, तर सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा भिंतीवर आपटायला लागतात. आपल्याला ऐकू येते ती टिकटिक या लाटांची. चढावर, टॉप गिअरमध्ये, कमी स्पीडला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की येते तीच.

नुकसान आवाजानं होत नाही. पिस्टन आणि हेडच्या धातूवर एरवी थोड्या थंड वायूचा एक पातळ थर असतो, तो धातूला वाचवतो. या लाटा तो थर खरवडून काढतात आणि उष्णता थेट धातूत शिरते. हलकं नॉकिंग इंजिन वर्षानुवर्षं सोसतं. जोराचं नॉकिंग लोड असताना चालू राहिलं, तर पिस्टनवरच्या रिंगांमधली कड तुटते, हेड गॅस्केट जातं, कधी पिस्टनला भोक पडतं.

यावर जुना उपाय सोपा होता: कॉम्प्रेशन कमी ठेवा आणि टायमिंग थोडं मागे. कार्बोरेटरच्या गाडीत टायमिंग डेल्कोतून ठरायचं. आतले वजनदार तुकडे आणि व्हॅक्यूमचा डबा स्पीड आणि लोड पाहून ते पुढेमागे करायचे, बाकी मिस्त्रींचा कान. त्या इंजिनाला नॉक सेन्सर नव्हता आणि लागतही नव्हता, कारण नॉकिंगच्या रेषेपासून ते चार हात लांब राहायचं. त्या अंतराची किंमत अ‍ॅव्हरेज आणि पिकअपमध्ये मोजावी लागायची.

नवी इंजिनं ही किंमत द्यायला तयार नाहीत. कॉम्प्रेशन दहा, अकरा, काहींमध्ये बारापर्यंत गेलंय. ती रेषेला चिकटून चालतात, आणि चिकटून चालायचं तर रेषा कुठं आहे हे सांगणारं कोणीतरी हवं. १९७८ मध्ये ब्युइकच्या टर्बो गाड्यांत हे काम पहिल्यांदा सेन्सरवर सोपवलं गेलं. स्विफ्टच्या १२०० सीसी के-सिरीज पेट्रोल इंजिनात तो ब्लॉकवर एका बोल्टनं बसवलेला असतो.

हा सेन्सर म्हणजे खास सिरॅमिकची एक चकती, दाबली की वीज देणारी. तत्त्व गॅस लायटरमधलंच. ब्लॉक थरथरला की चकतीवर दाब पडतो आणि व्होल्टेज येतं. पण ब्लॉक तर सतत थरथरतो, मग नॉकिंग ओळखायचं कसं? इथं चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांचं काम कामी येतं (पुढे अपोलो यानांना चंद्राचा रस्ता दाखवणारी यंत्रणा ज्यांच्या प्रयोगशाळेनं बनवली, तेच). त्यांनी १९३०च्या दशकात दाखवलं की या लाटांची फ्रीक्वेन्सी मुख्यतः बोअरच्या रुंदीवर ठरते. म्हणजे सिलिंडरच्या बोअरवर हं, शेतातल्या नाही. स्विफ्टच्या त्या इंजिनाचा बोअर ७३ मिलिमीटर. जळत्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ९५० मीटर धरला तर उत्तर येतं ७६०० हर्ट्झच्या आसपास. मारुती ८०० चा बोअर ६८.५, तिथं ८१०० च्या जवळ. ८६ मिलिमीटरच्या दोन लिटर इंजिनात साडेसहा हजार. तबल्यासारखंच आहे, तोंड मोठं तर सूर खाली.

इसीयू तेवढाच सूर गाळून घेतो, आणि तोही पिस्टन वरून खाली निघाल्यानंतरच्या ठरावीक अंशांतच ऐकतो, कारण नॉकिंग तेव्हाच होऊ शकतं. सूर वाढला की त्या सिलिंडरचं टायमिंग दोनतीन अंश मागे. मग हळूहळू पुन्हा पुढे. पुन्हा टिकटिक, पुन्हा मागे. दिवसभर हा खेळ चालू असतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता मूळ प्रश्न. सेन्सर नसेल तर गाडी चालू होईल का? होईल. चांगली धावेल का? तेही बऱ्यापैकी. वायर तुटलेली दिसली की इसीयू चेक इंजिन लाइट लावतो, स्कॅनरवर पी ०३२५ किंवा त्याचे भाऊबंद दिसतात, आणि तो टायमिंग कायमचं मागे ओढून ठेवतो. पिकअप मरतं, पेट्रोल जास्त जातं, पण इंजिन वाचतं. दिसत नसेल तर हळू चाला, असा साधा शहाणपणा त्याला शिकवलेला असतो.

युक्ती इथंच घात करते. सेन्सरच्या जागी एक रेझिस्टर जोडायचा, नाहीतर चांगला सेन्सर ब्लॉकऐवजी बॉडीला बांधून ठेवायचा. लाइट विझतो. पण इसीयूला आता वाटतं की सेन्सर ठीक आहे आणि नॉकिंग अजिबात नाही. मग तो टायमिंग पुढे, आणखी पुढे, त्याच्या हद्दीपर्यंत नेतो. गाडी पहिल्यापेक्षा जोरात पळते! गिऱ्हाईक खूष. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तुटलेला सेन्सर परवडला, खोटं बोलणारा नाही. काही इसीयू ही चोरी पकडतात, कारण स्पीड वाढला की ब्लॉकचा साधा गोंगाटही वाढायला हवा आणि रेझिस्टर तर गप्पच बसतो. सगळेच पकडतील याच्या भरवशावर राहू नका.

"पण भाऊ, आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे ना, ऑक्टेन वाढला." बरोबर. ई२० ला किमान ९५ ऑक्टेन लागतो, बीएस-६ च्या साध्या पेट्रोलला ९१ होता. इथेनॉल वाफ होताना आतली हवाही थंड करतं. पण वाढलेल्या ऑक्टेनचा फायदा घ्यायलाही टायमिंग पुढे नेणारा सेन्सरच लागतो. आणि आपल्या भागात या फायद्याला दोन वाटेकरी आहेत. एक म्हणजे मे महिना. ४५ अंशांची हवा इंजिनात शिरते तेव्हा कोपऱ्यातला वायू आधीच अर्धा तापलेला असतो. दुसरा, खारपाणपट्टा. पूर्णेच्या काठचं बोअरचं पाणी (हो, आता शेतातलं) रेडिएटरमध्ये ओतलं की हेडच्या आतल्या वाटांवर क्षार बसतात. उष्णता बाहेर निघत नाही, धातूचे ठिपके तापून राहतात आणि नॉकिंगची रेषा जवळ सरकते. गेज नॉर्मल दाखवत असतानाही हे होऊ शकतं. तयार कूलंट वापरा, नाहीतर डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घ्या.

सेन्सरशिवाय कुठं चालतं? नवं इंजिन बसवलं पण आग डेल्कोतूनच दिली आणि टायमिंग जपून ठेवलं, तर चालतं. बाहेरचा प्रोग्रॅम करता येणारा इसीयू लावून, डायनोवर नॉकिंग ऐकत, हात राखून सेट केला, तर चालतं. डिझेलमध्ये हा प्रश्नच वेगळा, तिथं इंधन आपोआप पेटणं हीच कामाची पद्धत. पण कंपनीचा इसीयू कंपनीच्याच नकाशावर चालणार असेल, तर सेन्सर हवाच, आणि त्याच इंजिनाचा हवा. दुसऱ्याचा बसला तरी सूर जुळेलच असं नाही.

बसवताना जागा स्वच्छ, उघड्या धातूची. रंग नको, जादा वॉशर नको. ज्या चपट्या सेन्सरमधून बोल्ट आरपार जातो, त्याला साधारण २० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. "घट्ट म्हणजे घट्ट" इथं चालत नाही, कारण बोल्टचा ताणच चकतीवरचा दाब ठरवतो. वायर लांबवायची तर जाळीवालीच घ्या आणि इग्निशन कॉइलपासून दूर न्या, नाहीतर कॉइलचा कचरा सिग्नलमध्ये शिरतो आणि इसीयू नसलेल्या नॉकिंगला घाबरून टायमिंग मागे ओढतो. घरी बनवलेला इंजिन माउंट किंवा सायलेन्सर चेसिसला घासत असला तरी हेच. अशा वेळी सेन्सर बदलून उपयोग नाही, आवाज शोधा.

कागदांचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला परवानगी लागते, आरसीवरचा इंजिन नंबर जुळायला हवा. एमएच २७ वाल्यांना अमरावतीला चक्कर आहेच.

राहता राहिला सेन्सर जुना घ्यावा का हा प्रश्न. चकती सहसा झिजत नाही, तडकते ती प्लॅस्टिकची बॉडी आणि कनेक्टर. मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून, सेन्सरजवळ ब्लॉकवर पान्यानं हलकेच टकटक करा (सेन्सरवर नाही). आकडा हलला तर जीव आहे. न हलल्यास आधी वायर तपासा, खासकरून गाडी कापसाच्या गंजीशेजारी उभी राहत असेल तर. तिथले उंदीर इन्सुलेशन फार आवडीनं खातात.