पडद्यावरची खरकटी भांडी

मालिकेतली सून सकाळी सहा वाजता जरीची साडी नेसून स्वयंपाकघरात येते. ओट्यावर काचेच्या बाऊलमध्ये लाल, पिवळ्या, हिरव्या सिमला मिरच्या मांडून ठेवलेल्या असतात. एक गाजर चिरायला तिला पाच मिनिटं लागतात, कारण तेवढ्यात सासूचे टोमणे संपायचे असतात. सिंक मात्र कोरडं ठणठणीत. ही असली स्वयंपाकघरं इतकी वर्षं बघितल्यामुळे मला एक सवयच लागली आहे. सिनेमा असो की मालिका, भाषा कुठलीही असो, मी आधी त्यातला ओटा बघते. सिंकमध्ये खरकटी भांडी दिसली नाहीत, तर त्या घराच्या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही.

या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवणारा सिनेमा म्हणजे २०२१ चा मल्याळम ‘द ग्रेट इंडियन किचन’. दिग्दर्शक जिओ बेबी. त्यातल्या नवरा-बायकोला नावंच नाहीत. खलनायकही नाही, कोणी कोणाला मारत नाही. सासरे गोड आवाजात सांगतात, भात चुलीवरचाच बरा, चटणी मिक्सरची नको, कपडे मशीनमध्ये टाकू नकोस. सिंकखालचा पाइप गळतो आणि ती नवऱ्याला रोज सांगते, प्लंबरला बोलाव. तो विसरतो. एवढंच कथानक, पण तो गळका पाइप तुमच्या डोक्यात ठिबकत राहतो. पुरुषांची जेवणं झाल्यावर शेवग्याच्या शेंगांची चोथी पडलेल्या त्याच टेबलावर घरातल्या बायका जेवायला बसतात. आमच्याकडे त्या प्रसंगाला सासूबाईंनी रिमोट मागितला. मला वाटलं, बंद करतात की काय! त्यांनी मागे नेऊन तो पुन्हा पाहिला. “आमच्याकडे निदान खाली ताटं तरी उचलली जायची,” एवढंच म्हणाल्या.

“इतकं हल्ली कोण करतं?” हा प्रश्न घराघरांत निघतो, आमच्याकडेही निघाला. त्याचं उत्तर सरकारी पाहणीतच आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात शंभरातले २६. बायका ८१. म्हणजे जवळजवळ पाच तास, रोज, रविवारीसुद्धा. या पाच तासांना पडद्यावर जागा का मिळत नाही, हा माझा साधा प्रश्न आहे.

याच सिनेमाचा हिंदी अवतार ‘मिसेस’ २०२५ मध्ये ओटीटीवर आला. सान्या मल्होत्राने काम छान केलंय. नवरा बायकांचा डॉक्टर आणि स्वतःच्या बायकोचं दुखणं मात्र त्याला दिसत नाही, ही कल्पनाही झकास. तरी मूळ सिनेमातला ओशट, कुबट वास इथे कमी झालाय, सगळं जरा चकचकीत आहे. पण एक मान्य करायला हवं. सबटायटल वाचायचा कंटाळा असणाऱ्या कितीतरी बायकांपर्यंत ही गोष्ट हिंदीमुळेच पोचली. फुलका तव्यावरून थेट ताटात हवा, हे दुखणं कुठल्या राज्याचं नाही सांगा?

तसंच ‘आई कुठे काय करते’चं. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’, हिंदीत ‘अनुपमा’ आणि मराठीत मधुराणी प्रभुलकरची अरुंधती. नावातच सगळं आलं! पहिले काही महिने मी एकही भाग चुकवला नाही, कारण त्यातले अपमान छोटे आणि ओळखीचे होते. मग मालिका लांबली, कारस्थानं आली, लग्नं आली, घरभर माणसं उभी राहून एकमेकांकडे चमकून बघायला लागली. डबा, डाळ, फोडणी मागे पडली. २०१९ मध्ये सुरू झालेली ही मालिका २०२४ पर्यंत चालली. दोन वर्षांत संपली असती तर आज लोकांनी तिचं नाव वेगळ्या आदराने घेतलं असतं, असं माझं मत आहे.

‘इंग्लिश विंग्लिश’ सगळ्यांचा लाडका, माझाही. पण तो आता पुन्हा पाहताना एका जागी मी अडते. इंग्रजीची परीक्षा आणि भाचीचं लग्न एकाच दिवशी, आणि धाकट्या मुलामुळे शशीचे सगळे लाडू जमिनीवर. दुसरी मिठाई मागवता आली असती. शशी पुन्हा लाडू वळायला बसते आणि परीक्षा चुकते. २०१२ मध्ये थिएटरात मला हे स्वाभिमानाचं वाटलं होतं. आता कॉलेजात जाणारी माझी मुलगी म्हणते, “तिने परीक्षेला जायला हवं होतं.” मी म्हणते, लाडू हेही तिचंच काम होतं, ती त्यातली कलाकार होती. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही, आणि चांगल्या सिनेमाकडून मला याहून जास्त काही नकोय.

पुरुष स्वयंपाकघरात शिरला की मात्र कॅमेरा एकदम प्रेमात पडतो. सचिन कुंडलकरांचा ‘गुलाबजाम’ घ्या. लंडनची नोकरी सोडून आदित्य पुण्यात मराठी स्वयंपाक शिकायला येतो. सिनेमा सुंदर आहे, बघताना भूक लागते आणि सोनाली कुलकर्णीसाठी मी तो कितीही वेळा बघेन. पण त्याच्यासाठी स्वयंपाक हे स्वप्न आहे. घरोघरच्या बायकांना असं स्वप्न पडत नाही, त्यांना सकाळी डब्याची काळजी पडते. ‘द लंचबॉक्स’मधली इला तरी त्या डब्यातून काहीतरी बोलू पाहते. आणि वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू? भारती आचरेकर एकदाही पडद्यावर दिसत नाहीत, फक्त आवाज आणि खाली येणारी टोपली. पण अख्खी बाई उभी राहते.

बायका गटागटाने नऊवारी नेसून ‘बाईपण भारी देवा’ला गेल्या, मीही गेले, हसले, रडले. त्या दिवशी घरी जेवण कोणी केलं असेल, हा विचार मध्यंतरात आलाच.

रोजच्या घराच्या सगळ्यात जवळ जाते ती ‘गुल्लक’. गीतांजली कुलकर्णीची शांती मिश्रा चिडते, भांडी आपटते, शेजारणीशी तावातावाने गप्पा मारते आणि तरीही देवी होत नाही. या शेजारणीला सगळे ‘बिट्टू की मम्मी’ म्हणतात, तिचं नाव कोणालाच ठाऊक नाही. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही निम्म्या बायका ‘अमक्याची मम्मी’ म्हणूनच सेव्ह आहेत, तुमच्याकडेही असतील.

तर या शनिवारी घरात लहान मुलं असतील तर ‘गुल्लक’ लावा, भाग छोटे आहेत आणि आजी-आजोबांसमोर रिमोट शोधायची पाळी येत नाही. ‘द ग्रेट इंडियन किचन’ मोठ्यांनी बघावा, त्यात नवरा-बायकोचे काही खासगी प्रसंग आहेत. आणि तो जेवता जेवता बघू नका. आधी जेवण आटपा, भांडी घासायची पाळी कोणाची ते ठरवा, मग लावा.