चेंजलॉग लिहिताना होणारे गैरसमज

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीचा साठा, हिशेब आणि जीएसटीची बिलं 'ईआरपीनेक्स्ट'वर चालतात, असं समजा. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. २०२२मध्ये त्याची चौदावी आवृत्ती आली, तेव्हा भारतातल्या जीएसटीची सोय मूळ सॉफ्टवेअरमधून 'इंडिया कम्प्लायन्स' या वेगळ्या ॲपमध्ये गेली आणि पगारपत्रक 'एचआरएमएस'मध्ये गेलं. हे सांगणारा चेंजलॉग, म्हणजे आवृत्तीगणिक बदलांची यादी, न वाचता कुणी अपडेट केलं, तर अकरा तारखेच्या आत जीएसटीआर-१ भरायला बसलेला अकाउंटंट अडकणारच.

म्हणून 'चेंजलॉगमध्ये नवं काय आलं तेवढं सांगायचं' हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. नवी सोय दोन दिवस उशिरा कळली तरी कुणाचं काम थांबत नाही. काय काढलं, काय हलवलं, काय लवकरच बंद होणार, हे मात्र आधी कळायला हवं, आणि त्यालाच जोडून पुढं काय करायचं तेही. 'कीप अ चेंजलॉग' या प्रचलित पद्धतीत सहा मथळे आहेत: नवं, बदललेलं, बंद होणारं, काढलेलं, दुरुस्त केलेलं आणि सुरक्षा. त्यातलं नवं फक्त एक.

'गिटमध्ये सगळी नोंद आहेच की, वेगळं कशाला लिहायचं?' असंही विचारलं जातं. गिट या कोडमधले बदल जपणाऱ्या साधनातली नोंद कोड लिहिणाऱ्यांसाठी असते. 'करतक्त्यात नल तपासणी घातली' हे सहकाऱ्याला पुरतं. वापरणाऱ्याला सांगायचं ते असं: 'करमुक्त मालाचं बिल सेव्ह करताना येणारी एरर दूर केली.' मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पानं यासाठी दोन फायलीच वेगळ्या ठेवल्या. 'चेंजलॉग'मध्ये कोडमधले बदल, 'न्यूज'मध्ये वापरणाऱ्याला जाणवणारे.

सुरक्षेतली चूक 'किरकोळ दुरुस्त्या' या शब्दांखाली झाकली की नाव राखलं जातं, हेही खरं नाही. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली गंभीर त्रुटी उघड झाली. २.१५.० मधली दुरुस्ती अपुरी ठरली, म्हणून २.१६.० आली आणि आणखी एका त्रुटीसाठी त्याच महिन्यात २.१७.० आली. कोणत्या आवृत्तीत काय दुरुस्त झालं हे स्पष्ट लिहिलेलं नसतं, तर पहिल्या अपडेटवर थांबलेल्यांना आपण अजून धोक्यात आहोत हे कसं कळलं असतं?

राहिला प्रश्न कोणी लिहायचं याचा. प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरनं रिलीजच्या आदल्या रात्री, असं अनेकांना वाटतं. पण तोवर बदलांचं कारण कुणाला आठवत नाही. ज्यानं बदल केला त्यानंच त्या बदलाच्या पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे तो मूळ कोडमध्ये घ्यायच्या विनंतीत, चेंजलॉगच्या 'अनरिलीज्ड' मथळ्याखाली एक ओळ टाकावी. कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही हे जमेल. त्या ओळीचं इंग्रजी साधं असलं तरी चालतं. आवृत्तीची तारीख तेवढी वर्ष, महिना, दिवस अशी लिहावी. ०३-०४ म्हणजे आपल्याकडं तीन एप्रिल आणि अमेरिकेत चार मार्च.