पहिल्या वर्षाची पारख

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला दोन करंड्या ठोकल्या. तो सज्जा दहा फूट उंच होता, एवढेच त्या मापाचे कारण. पण सव्वाशेहून अधिक वर्षे ते बदललेले नाही. या एका मापाने खेळाडूंच्या निवडीवर केवढा परिणाम केला आहे, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. उंच मनुष्य रिंगेच्या जवळ, म्हणून उंची हा पहिला गुण, असे समीकरण परीक्षकांच्या मनात पक्के बसून गेले. २००९ च्या जूनमध्ये अमेरिकेतील व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर हाशीम थबीट या २.२१ मीटर उंचीच्या तरुणाची निवड झाली. सातव्या क्रमांकावर जो तरुण निवडला गेला त्याची उंची १.९१ मीटर होती, वजन ८५ किलोंच्या आत होते आणि चेहरा शाळकरी मुलाचा होता. त्याचे नाव स्टीफन करी. गोल्डन स्टेट वॉरियर्स या कॅलिफोर्नियातील संघाने त्याला घेतले.

नवख्या खेळाडूच्या गुणदोषांची पारख शास्त्रीय रीतीने कशी करता येते, हे समजून घेण्यास करीचे पहिले वर्ष फार सोयीचे आहे. त्या वर्षाचे सर्व आकडे उपलब्ध आहेत, आणि पुढे काय घडले तेही ठाऊक आहे. या दुसऱ्या गोष्टीचा मात्र एक धोका असतो. उत्तर आधी पाहून गणित सोडविणाऱ्याला प्रत्येक पायरी सोपी वाटते. म्हणून २०१० च्या एप्रिलमध्ये, हंगाम संपला त्या दिवशी, परीक्षकापुढे जेवढा पुरावा होता तेवढाच आपण प्रथम हाती घेऊ.

करी हा गार्ड. या शब्दाला ‘रक्षक’ असा प्रतिशब्द योजण्याचा मोह अनुवादकाला होतो; परंतु तो दिशाभूल करणारा आहे. गार्डचे मुख्य काम चेंडू पुढे नेणे, सहकाऱ्यांना पास देणे आणि लांबून नेम साधणे हे होय. आपल्या शाळांच्या मैदानांवरही मुले गार्ड असाच शब्द वापरतात. तोच येथे ठेवला आहे.

करीविषयी निवडीच्या वेळी तीन शंका घेतल्या जात होत्या. शरीर किरकोळ, त्यामुळे बलदंड प्रतिस्पर्ध्यांपुढे निभाव लागेल काय? डेव्हिडसन या लहानशा कॉलेजात तो मुख्यतः स्वतः गुण मिळवीत असे. मग व्यावसायिक संघाची सूत्रे हलविणे त्याला जमेल काय? तिसरी शंका अंतराची होती. बास्केटबॉलमध्ये विशिष्ट रेषेच्या बाहेरून चेंडू टाकल्यास दोनाऐवजी तीन गुण मिळतात. कॉलेजच्या सामन्यांत ही रेषा २००८ पर्यंत रिंगेपासून ६.०२ मीटरवर होती. त्या वर्षी ती ६.३२ मीटरपर्यंत मागे सरकविण्यात आली. २००७-०८ मध्ये करीचे रेषेबाहेरून ४३.९ टक्के नेम साधले होते; पुढल्या वर्षी हे प्रमाण ३८.७ पर्यंत उतरले. व्यावसायिक सामन्यांत तर ती रेषा समोरून ७.२४ मीटरवर असते. अंतर वाढताच नेम ढळतो, असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र त्याच वर्षी करीकडे चेंडू पुढे नेण्याची नवी जबाबदारी आली होती आणि प्रतिपक्षाचा सारा पहारा त्याच्यावरच असे. एका आकड्यात अशी अनेक कारणे मिसळलेली असतात, आणि ती वेगळी करणे हेच परीक्षकाचे खरे काम.

आता पहिल्या हंगामाचा हिशेब पाहू. ८२ पैकी ८० सामने. दर सामन्यास सरासरी १७.५ गुण, ५.९ असिस्ट, ४.५ रिबाउंड, प्रतिपक्षाकडून चेंडू हिसकावण्याचे प्रसंग १.९ आणि स्वतःच्या हातून चेंडू गमावण्याचे ३.०. रेषेबाहेरून ३८० प्रयत्न, त्यांपैकी १६६ यशस्वी, म्हणजे ४३.७ टक्के. फ्री थ्रो, म्हणजे कोणाचाही अडथळा नसताना ठरावीक जागेवरून मिळणारी संधी, २००, साधल्या १७७.

यांतील कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा? नाणे दहा वेळा उडवून सात वेळा छापा आला तर नाणे खोटे आहे असे आपण म्हणत नाही. हजार वेळा उडवून सातशे छापे आले तर निःशंकपणे म्हणतो. नेमबाजीच्या टक्केवारीलाही हाच न्याय लागू आहे. ३८० प्रयत्नांतून निघालेल्या ४३.७ या आकड्यात निव्वळ दैवयोगाने सुमारे अडीच टक्क्यांची चूक सहज संभवते. संख्याशास्त्राच्या रूढ मापाने दुप्पट सूट दिली, तर खेळाडूचे अंगचे कौशल्य ३९ ते ४९ टक्क्यांच्या दरम्यान कोठेतरी आहे, एवढेच छातीठोकपणे सांगता येते. पट्टा रुंद खरा. पण त्या वर्षी सर्व खेळाडूंची मिळून सरासरी ३५.५ टक्के होती, आणि ती या पट्ट्याच्या पुष्कळ खाली राहते. सामान्य कौशल्याच्या खेळाडूने ३८० प्रयत्नांत साधारण १३५ वेळा यश मिळविले असते. केवळ नशिबाने १६६ पर्यंत जाण्याचा संभव हजारात एक इतकाही नाही.

येथे एक सावधगिरी हवी. शेकडो खेळाडूंपैकी सर्वांत चांगला आकडा आपण वेचून काढला, तर त्यात दैवाचा वाटा हमखास थोडा अधिक असतो. म्हणून दुसरा, स्वतंत्र साक्षीदार शोधावा लागतो. तो साक्षीदार म्हणजे फ्री थ्रो. तेथे ना प्रतिस्पर्धी, ना घाई. मनगटाची शुद्धता तेवढी मोजली जाते. करीचे ८८.५ टक्के हे प्रमाण लांबच्या नेमबाजीचीच साक्ष देत होते.

या नेमबाजीतील अवघडपणा भूमितीने स्पष्ट होतो. रिंगेचा व्यास ४५.७ सेंटिमीटर आणि चेंडूचा सुमारे २४. चेंडू मधोमध गेला तर दोन्ही बाजूंना जेमतेम ११ सेंटिमीटर जागा उरते. ७.२४ मीटरवरून पाहता ही सूट एका अंशाहूनही कमी भरते. दिशा त्याहून अधिक चुकली की चेंडू लोखंडाला लागलाच. शिवाय चेंडू वरून सरळ खाली येत नाही, तिरपा येतो. तिरपेपणा जितका अधिक तितके रिंगेचे तोंड चेंडूच्या दृष्टीने चपटे होत जाते. ४५ अंशांनी येणाऱ्या चेंडूला ते ३२ सेंटिमीटर भासते. ३० अंशांनी येणाऱ्याला २३ सेंटिमीटरच, म्हणजे चेंडूच्या स्वतःच्या व्यासाहूनही कमी. असा चेंडू कडेला न लागता आत जाणे शक्यच नाही. उंच कमान काढून चेंडू टाकणाऱ्याला म्हणूनच दार मोठे उघडते. करी शाळेत असताना चेंडू कमरेजवळून वर नेऊन फेकीत असे. उंच प्रतिस्पर्धी तो सहज अडवितील, हे ओळखून त्याचे वडील डेल करी यांनी त्याला संपूर्ण पद्धत मोडून, चेंडू डोक्याच्या वरून सोडण्याचा नवा अभ्यास करावयास लावला. डेल करी स्वतः १६ हंगाम व्यावसायिक बास्केटबॉल खेळले होते. आधीचे वळण मोडण्यात मुलाचा एक उन्हाळा फार कष्टात गेला.

रेषेबाहेरच्या प्रत्येक प्रयत्नामागे करीला सरासरी १.३१ गुण मिळत होते. रेषेच्या आतील प्रयत्नांमागे केवळ ०.९५. असे असता त्याच्या एकूण ११४३ प्रयत्नांपैकी रेषेबाहेरचे ३८०, म्हणजे तिसरा हिस्सा! माझ्या मते त्या वर्षाच्या कागदपत्रांतील सर्वांत मोलाची नोंद हीच होय. ज्या कामात हा तरुण सर्वांहून वरचढ होता, तेच काम तो सामन्यातून पाचदेखील वेळा करीत नव्हता. तीन गुणांचा नियम या संघटनेत १९७९ पासून आहे. परंतु लांबून टाकणे म्हणजे उतावळेपणा, ही जुनी समजूत तीस वर्षांनंतरही प्रशिक्षकांच्या मनातून पुरती गेली नव्हती. गुण दिसत होता, त्याचा भाव मात्र कोणी काढला नव्हता.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष पासांचा. धावता धावता एका हाताने, पाहणाऱ्याला मोह पडेल असा पास देण्याची करीला हौस. त्यातले पुष्कळ भलत्याच हातांत जात. ५.९ असिस्टमागे ३ वेळा चेंडू गमावणे म्हणजे दोनास एक हे प्रमाण. त्याच हंगामात असिस्टमध्ये अग्रभागी असलेल्या स्टीव्ह नॅश या मुरलेल्या गार्डचे प्रमाण तिनास एक होते. चेंडू गमावला की संघाचे सरासरी एका गुणाचे नुकसान होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही हौस किती महाग पडत होती ते कळेल.

दुसरा दोष बचावातला, आणि येथे आकडे फसवितात. चेंडू हिसकावण्याचे १.९ प्रसंग ही संख्या वाखाणण्याजोगी आहे. परंतु चेंडूवर झडप घालून ती फसल्यावर प्रतिस्पर्धी मोकळा सुटतो, त्या फसलेल्या झडपांची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. वॉरियर्सने त्या हंगामात सर्व संघांत सर्वाधिक गुण दिले आणि ८२ पैकी ५६ सामने गमावले. मॉन्टा एलिस हा त्यांचा दुसरा गार्डही १.९१ मीटरचाच; आपण दोघे इतके लहान असताना एकत्र खेळू शकणार नाही, असे त्याने हंगामापूर्वी उघडपणे सांगितले होते. त्यात प्रशिक्षक डॉन नेल्सन यांचा संघ सर्वांत वेगाने खेळणारा. वेग अधिक म्हणजे संधी अधिक, आणि संधी अधिक म्हणजे गुण, असिस्ट व चुका सारेच फुगते. करीच्या चांगल्या आकड्यांतून जशी थोडी हवा काढली पाहिजे, तशी वाईट आकड्यांतूनही.

वर्षातील सर्वोत्तम नवोदिताचा मान टायरीक इव्हान्स याला मिळाला. करी दुसरा आला. सॅक्रामेंटोच्या या दणकट गार्डने दर सामन्यास २०.१ गुण, ५.३ रिबाउंड आणि ५.८ असिस्ट मिळविले. पहिल्याच वर्षी तिन्ही रकान्यांत असे आकडे त्याच्यापूर्वी ऑस्कर रॉबर्टसन, मायकेल जॉर्डन आणि लेब्रॉन जेम्स या तिघांनीच गाठले होते. निकाल चुकला असे म्हणणे अन्यायाचे होईल; त्या वर्षीचा खेळ पाहता तो रास्तच होता. तथापि झालेल्या कामाचे बक्षीस आणि पुढील कामाचा अंदाज या दोन भिन्न गोष्टी आहेत. इव्हान्स रेषेबाहेरून २५.५ टक्केच नेम साधीत असे. त्याची भिस्त अंगबळाने रिंगेपर्यंत घुसण्यावर होती. प्रतिस्पर्ध्यांनी मार्ग अडविला, पाय दुखावले, म्हणजे हे बळ उणावते. आणि तसेच झाले. २० गुणांची सरासरी त्याला पुन्हा गाठता आली नाही. नेमबाजी त्या मानाने टिकाऊ. पुढील दोन हंगामांत करीचे प्रमाण ४४.२ आणि ४५.५ टक्के होते, म्हणजे आपण वर काढलेल्या पट्ट्याच्या आतच.

एक गोष्ट मात्र पहिल्या वर्षाच्या कोणत्याही आकड्यात दिसली नव्हती, ती म्हणजे घोटा. ८० सामने खेळलेल्या तरुणाविषयी अशी शंका कोण घेणार? २०११ मध्ये त्याच्या उजव्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली, २०१२ मध्ये पुन्हा झाली. मधल्या, ६६ सामन्यांच्या हंगामात तो २६ सामनेच खेळू शकला. अशा वेळी, १३ मार्च २०१२ रोजी, वॉरियर्सने दोन गार्डांपैकी धडधाकट असलेल्या एलिसला मिलवॉकीला देऊन टाकले आणि बदल्यात अँड्र्यू बोगट हा, तोही दुखापतग्रस्त, उंच खेळाडू घेतला. काही दिवसांनी संघाचे मालक जो लेकब मैदानात बोलावयास उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवून त्यांना बोलू दिले नाही. त्याच ऑक्टोबरात करीशी चार वर्षांचा ४.४ कोटी डॉलरचा करार झाला. ज्याचा घोटा भरवशाचा नाही त्याला एवढी रक्कम द्यावी काय, अशी चर्चा त्या वेळीही झाली.

२०१५ आणि २०१६ या दोन्ही वर्षी करी सर्वोत्तम खेळाडू ठरला. दुसऱ्या खेपेस एकही मत विरोधात पडले नाही. त्या वर्षी तो रेषेबाहेरून दर सामन्यास अकराहून अधिक प्रयत्न करीत होता. एका हाताने पास देण्याची खोड तेवढी राहिलीच. एकमताने निवड झाली त्या हंगामातही तो दर सामन्यास ३.३ वेळा चेंडू गमावीत होता, पहिल्या वर्षाहून थोडा अधिकच.